जाड तार

वृंदावन योजना, लखनऊ
६ मे २०२५

आबा,

फ्यूजला फ्यूज का म्हणतात? मला माहीत नाही. खरंच माहीत नाही.

काल वर्गात एका मुलीनं विचारलं. मी नुकतीच फळ्यावर आकृती काढून सांगत होते, की प्रवाह जास्त झाला की ही बारीक तार वितळते, प्रवाह तुटतो आणि पुढची वायर वाचते. सगळ्यांनी माना डोलावल्या. मग रुखसार नावाची मुलगी उभी राहिली. "मैडम, वो तो समझ गए. पर इसको फ्यूज क्यों कहते हैं? हमारे अब्बू पटाखे बनाते हैं, दुकानवाले उसके पलीते को भी फ्यूज ही बोलते हैं. वो तो आग लगाता है. ये बचाता है. तो नाम एक कैसे?"

मी म्हटलं, कल बताऊँगी. मागच्या बाकावरून कोणीतरी हळूच म्हणालं, "मैडम का फ्यूज उड़ गया." सगळ्या हसल्या. मीही हसले. पण घरी येईपर्यंत डोक्यात तेच.

मला नोकरी लागली हे आईनं सांगितलं असेलच. मुलींना इलेक्ट्रिशियनचं काम शिकवणारं खाजगी केंद्र आहे, घरापासून चालत जाण्यासारखं. मी थिअरी शिकवते. आवारातच मुलींचं होस्टेल आहे. गोंडा, सीतापूर, कुठून कुठून आल्या आहेत. घरच्यांशी भांडून आलेल्याही आहेत. यांच्यातली एक जरी स्वतःच्या गावात शिडीवर चढून काम करताना दिसली, तरी माझ्या बी.एस्सी.चं काहीतरी झालं असं मी म्हणेन. तुम्ही हसाल. हसा.

पहिल्याच दिवशी मी त्यांना सांगितलं होतं, की जे मला येत नाही ते येत नाही असंच सांगेन. ते इतक्या लवकर आणि इतक्या साध्या शब्दावर सांगावं लागेल असं वाटलं नव्हतं.

फोनवर विचारलं असतं. पण फोनवर तुम्ही "हां, बरं आहे, आईला दे" एवढंच बोलता, आणि वर्ष झालं तेवढंच बोलताय. फौजेत असताना तुम्ही पत्रं लिहायचात, ती लांब असायची. म्हणून पत्र. तुम्ही आयुष्यभर फ्यूज बसवलेत, तुम्हांला कुणीतरी सांगितलं असेल.

इथे ऊन फार आहे. होस्टेलमध्ये मात्र आता चारही कूलर एकदम चालतात, आधी सारखी लाइट जायची म्हणे. वॉर्डन गीतादीदींनी काहीतरी करून घेतलंय.

मी अजून रागावलेली आहे, ते वेगळं.

उत्कर्षा


१७ मे २०२५

आबा,

तुमचं पत्र आलं. आईनं आधी वाचलं, मग पाकीट उलटं करून झटकलं, आत आणखी काही असेल म्हणून. पत्रात चार वाक्यं. तुम्ही लिहिलंत ते तसंच उतरवते, म्हणजे पुढे तुम्हांला "मी असं लिहिलं नव्हतं" म्हणता येणार नाही:

"चि. उत्कर्षा, आमच्या फौजेतल्या उस्तादांनी सांगितलेलं असं, की फ्यूज म्हणजे वितळणं. तोफगोळ्याचा फ्यूज वेगळा, तो तोपखान्यातल्या लोकांना विचारायला हवा, मला ठाऊक नाही. चार कूलर एका फ्यूजवर आहेत का, आणि तार कोणती घातली आहे ते कळव. आंबा यंदा कमी आहे. जयसिंग."

खाली 'आबा' नाही. 'जयसिंग'. जशी काही हजेरीच दिलीत.

तारेबद्दल मी विचारलं नव्हतं. मी शब्दाबद्दल विचारलं होतं. तुम्हांला कूलर दिसला.

वर्गात मी वितळण्याचं सांगितलं. रुखसारचं समाधान झालं नाही. "पलीता तो पिघलता नहीं मैडम, जलता है." बरोबर आहे तिचं. मी पुन्हा कल बताऊँगी म्हटलं. आता त्या मला कल-मैडम म्हणतात.

तुम्ही तारेचं विचारलंत म्हणून मला दादाच्या लग्नाचं लिहावंसं वाटतंय. त्या दिवशी तुम्ही विजेच्या बोर्डासमोर खुर्ची टाकून बसला होतात, मांडवात काय चाललं होतं ते तुम्हांला दिसलं नाही. मला दिसलं.

तुम्हांला एवढंच माहीत, की फ्यूज तीनदा उडाला, टेंटवाल्याच्या वायरमननं वायर सोलून तारा पिळून जाडजूड दोर केला आणि आत बसवला, आणि तुम्ही मेन बंद करून तो काढून कोटाच्या खिशात टाकलात. "दिवे चालतील, गुरुजींचा माइक चालेल. कूलर आणि डीजे नाही." तो बिचारा म्हणत राहिला, "फौजी साहब, कुछ नहीं होता, हम रोज करते हैं."

मांडवात असं होतं: मंगलाष्टकं चालू असताना श्रुतीवहिनीची आजी घेरी येऊन खाली बसली. तिला उचलून गाडीच्या एसीत नेलं, तिनं नातीचं लग्न पाहिलंच नाही. वहिनीच्या मावशा पंगतीच्या पत्रावळींनी वारा घेत होत्या. कुणीतरी म्हणालं, "हवालदारसाहेबांनी कर्फ्यू लावलाय." शरदकाका, वहिनीचे वडील, एवढे रेल्वेतले अकाउंट्स ऑफिसर, तुमच्यापुढे हात जोडून उभे राहिले, हे मी लांबून पाहिलं. काय बोलले ते मला नंतर दादानं सांगितलं. "जयसिंगराव, दोन तासांचा प्रश्न आहे." आणि तुम्ही म्हणालात, "दोन तासांत लग्न लागतं, आगही लागते."

असं बोलायला नको होतं, आबा. व्याह्यांशी नको होतं.

आणि दादा. दादा मुंडावळ्या बांधलेल्या अवस्थेत पाट सोडून तुमच्यापाशी आला. "आबा, आज एक दिवस तरी रिटायर व्हा." तुम्ही त्याच्याकडे पाहिलंही नाहीत, बोर्डाकडे पाहत राहिलात. मग त्याच आठवड्यात आमराई राखायला माणूस नाही म्हणून तुम्ही कोरेगावला गेलात, ते गेलातच.

मला एक समजत नाही. त्या दिवशी आग लागली नाही. ती तुम्ही तार काढलीत म्हणून लागली नाही, की लागणारच नव्हती? आजीला घेरी आली हे सगळ्यांनी पाहिलं. जे झालंच नाही ते कोण पाहणार?

आई म्हणते, ताकात साखर घालू नका, गुडघ्यांना बरं नाही. साखरेचा आणि गुडघ्यांचा काय संबंध ते तिलाच माहीत.

उत्कर्षा


२५ मे २०२५

आबा,

शब्द सापडला. विद्यापीठाच्या लायब्ररीत जाऊन जाड कोश काढला. उस्ताद बरोबर होते आणि रुखसारही बरोबर आहे. हे दोन वेगळे शब्द आहेत, वेगळ्या घरांतून आलेले, फक्त दिसायला सारखे. विजेचा फ्यूज वितळण्यावरून, ओतणं-वितळवणं अशा अर्थाच्या लॅटिन शब्दापासून. बॉम्बचा फ्यूज चातीवरून. सूत कातायची चाती. पूर्वी दारू भरलेली जी नळी बॉम्बला लावायचे तिचा आकार चातीसारखा असायचा, इटालियन लोकांनी तिला चातीच म्हटलं. आईला सांगितलं तर ती म्हणाली, "माझ्या आत्याकडे होती चाती. त्यावरून बॉम्ब? काहीतरीच."

मला एवढा आनंद झाला की मी बसमध्ये एकटीच हसत होते. वर्गात सांगितलं तेव्हा रुखसारनं टाळ्या वाजवल्या. "मतलब चरखेवाली का बेटा बम फोड़ता है!"

मग मी त्यांना म्हटलं, आपण फ्यूज 'उडाला', 'गेला' म्हणतो, जसं काही बिघडलंच. उलट तेव्हाच त्यानं काम केलेलं असतं. सगळ्या एकदम गप्प झाल्या. मला वाटलं, छान शिकवलं मी.

त्या गप्प का झाल्या ते दुपारी कळलं.

पूनम म्हणून एक मुलगी आहे, तिची इस्त्री चालेना. मला बघायला बोलावलं. इस्त्रीच खराब होती. पण मी आपली हौसेनं म्हटलं, चला, आधी फ्यूज कसा तपासायचा ते दाखवते. मेन बंद केलं आणि फ्यूज ओढून काढला. आत जे होतं ते मी आधी एकदाच पाहिलं आहे. तुमच्या हातात. सोललेल्या वायरच्या तारा पिळून केलेला दोर, करंगळीच्या नखाएवढा जाड.

मुली माझ्याकडे बघत होत्या. त्यांना माहीत होतं. वर्गात सगळं शिकून त्याच वायरखाली त्या झोपतात, आणि त्यांना माहीत होतं.

मी तो फ्यूज परत बसवला. मेन चालू केलं. कूलर फिरायला लागले.

का परत बसवला, ते मला सांगता येत नाही. बाहेर अंगाची लाही होत होती. गीतादीदी दारात उभ्या होत्या. फार चांगल्या आहेत हो त्या. मुलींच्या डोक्याला तेल लावून देतात. म्हणाल्या, "बेटा, पिछले महीने पूनम इसी कमरे में बेहोश होकर गिरी थी. लाइट दिन में दस बार जाती थी. मैंने वायरमैन के हाथ जोड़े, कि कुछ कर दे. क्या गलत किया?"

मी म्हटलं, काही नाही.

केंद्राचे प्रमुख सत्यजितसर, त्यांना जाऊन भेटले. ते रागावले नाहीत. नव्या वायरिंगचा अर्ज दिलेला आहे, पावसाळ्यानंतर होईल म्हणाले. तोपर्यंत? "तीन साल से यहाँ हूँ, कोई न कोई जुगाड़ चलता ही रहा है. कुछ हुआ क्या?" मग हसून म्हणाले, "आप तो प्रोबेशन पर हैं ना? पढ़ाइए, खुश रहिए."

तीन वर्षं काही झालं नाही, हे खरं आहे. पूनम पडली, हेही खरं आहे. माझ्याकडे खरं म्हणून दाखवायला काय आहे? एक आकृती.

तुम्हांला कसं माहीत होतं, आबा? की तुम्हांलाही माहीत नव्हतं?

उत्कर्षा


१ जून २०२५

आबा,

हे छोटंसं पत्र आहे. आज रविवार, सौरभदादाकडे गेले होते. अमौसी विमानतळावरची ड्यूटी करून आला होता, एअरलाइनचा शर्ट अंगावर तसाच. मी त्याला होस्टेलचं सगळं सांगितलं. कुणाला तरी सांगायचं होतं.

त्यानं हातातला चहा खाली ठेवला. "यार उत्कर्षा, अब तू भी? एक आबा बस नहीं हैं क्या इस घर में?"

"मी फक्त विचारतेय, काय करू."

"पढ़ा. तनख्वाह ले. उस वार्डन का दिल मत तोड़." मग मराठीत म्हणाला, तो रागावला की मराठीत येतो, "तार काढशील, पोरी उकडून मरतील, आणि तू बरोबर होतीस हे कधीच सिद्ध होणार नाही. हेच होतं यात. वर्षानुवर्षं लोक फक्त घाम आठवतात."

श्रुतीवहिनी स्वयंपाकघरातून म्हणाली, "आजी अजून विचारते, जयसिंगराव परत कधी येणार. ती काही रागावलेली नाही. तिला तुमच्या आमराईतला आंबा हवाय."

मी निघताना चप्पल घालत होते तेव्हा दादा म्हणाला, "त्यांनी पत्रात माझं काही विचारलंय?"

मी खोटं बोलत नाही, तुम्हांला माहीत आहे. नाही म्हणाले.

तुमचं उत्तर अजून आलेलं नाही. मी थांबले आहे. तुम्ही "काढ" लिहावंत असं वाटतं, आणि "राहू दे" लिहावंत असंही वाटतं. दोन्हींपैकी काहीही लिहिलंत तरी मला राग येणार आहे.

उत्कर्षा


७ जून २०२५

आबा,

तुमचं पत्र परवा आलं. त्यात "काढ" नाही आणि "राहू दे" पण नाही. तुम्ही लिहिलंय:

"मला माहीत नव्हतं. लागली असती किंवा नसती. तार जाड केली की भिंतीतली वायर फ्यूज होते, मग ती कुठे वितळेल ते आपल्या हातात राहत नाही, एवढंच मला शिकवलेलं. म्हातारीला घेरी आली हे मला तुझ्या पत्रातून कळलं, कोणी सांगितलं नव्हतं. वाईट झालं. सौरभच्या नव्या फ्लॅटचा बोर्ड कोणी पाहिला आहे का?"

शेवटचं वाक्य मी तीनदा वाचलं. मग त्याचा फोटो काढून दादाला पाठवला. नंतर त्याच्याकडून एक फोटो आला, त्याच्या बोर्डाचा, झाकण उघडून काढलेला, कोपऱ्यात त्याचं बोट दिसतंय. खाली लिहिलंय, "उनको भेज देना. बोलना नए वाले स्विच हैं, तार का झंझट ही नहीं." तुमचा फोन साधा आहे म्हणून प्रिंट काढून आणली आहे. नीट पाहून काय वाटतं ते त्यालाच लिहा. मी मधे पडणार नाही.

आता होस्टेलचं.

तुमचं पत्र वाचून माझा गोंधळ कमी झाला असं नाही. उलट वाढला. मला वर्षभर वाटत होतं की तुम्हांला पक्कं ठाऊक होतं, आणि म्हणून तुम्ही कुणाचं ऐकलं नाहीत. तुम्हांला ठाऊक नव्हतं, तरी तुम्ही त्या खुर्चीवर बसून राहिलात. हे मला जास्त अवघड वाटतं.

काल सकाळी मी वर्ग होस्टेलच्या बोर्डासमोर घेतला. आधी गीतादीदींना सांगितलं, मागून नको. त्या म्हणाल्या, "तुम पढ़ी-लिखी हो, जो ठीक लगे." ते मला फार लागलं. मग मेन बंद केलं. रुखसारनं फ्यूज ओढला, पूनमनं जुनी तार सोडवली, दोघींनी मिळून हिशेबाची बारीक तार बसवली. माझा हात फक्त शिडीवर होता. मग मी म्हटलं, चारों कूलर चलाओ.

फट्. लाइट गेली. पंखे मंदावत थांबले.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मागून एक आवाज आला, "लो, कल-मैडम ने आज कर दिया." हसू मात्र कुणाला आलं नाही. पूनम म्हणाली, "मैडम, दोपहर में क्या होगा?" तिला विचारायचा हक्क होता.

दुपारसाठी मी एवढंच करू शकले: वर्गांच्या इमारतीची लाइन वेगळी आहे, तिथल्या मोठ्या खोलीची किल्ली मागून घेतली. दोन कूलर ढकलत तिकडे नेले, बाकी दोन होस्टेलमध्ये. दुपारी सगळ्या तिकडे सतरंजीवर झोपतात. इस्त्री फक्त सकाळी. रुखसारनं बोर्डाच्या झाकणावर खडूनं लिहिलंय: यह पलीता नहीं है. तरी संध्याकाळी एकदा फ्यूज उडाला. पूनमनं मला न बोलावता तार बदलली, बारीकच. मी लांबून पाहिलं.

गीतादीदी माझ्याशी बोलत नाहीत. जेवताना एकदाच म्हणाल्या, "मैंने बच्चियों के लिए ही किया था." मी म्हटलं, मला माहीत आहे. मला खरंच माहीत आहे.

सत्यजितसरांनी बोलावलं. आवाज चढवला नाही. "आपने पूछा नहीं." मी म्हटलं, पूछा था, सर. म्हणाले, महिन्याअखेर प्रोबेशनचं बघू. काय बघतील ते मला माहीत नाही. नोकरी गेली तर आई काय म्हणेल तेही माहीत नाही. आज तिनं फक्त एवढं विचारलं, "तुझ्या आबांना कळवलंस?" आणि पोळ्या लाटत राहिली. नंतर म्हणाली, त्यांचा तो लग्नातला कोट अजून ड्रायक्लीनला दिलेला नाही, खिशात ती तार तशीच आहे, काढावीशी वाटत नाही.

तुम्ही बरोबर होतात असं मी लिहीत नाहीये. मला अजून माहीत नाही. आजीसाठी आंबे पाठवा, हिरवे असले तरी चालतील, इथे पिकतील.

होस्टेलमधली तार मी टाकून दिलेली नाही. या पत्राबरोबर पाठवते आहे. टोकं कापडात गुंडाळली आहेत, तरी टोचतात. पाकीट सांभाळून फोडा.

उत्कर्षा